झाडूवर बसून कुठे जायचं?

आटपाट नगर होतं. नगराच्या कडेला लोलोत्ता नावाची एक म्हातारी राहायची. एके दिवशी परसातल्या कोबीच्या वाफ्यातून तिला रडण्याचा आवाज आला. जाऊन बघते तर कोबीच्या पानांत एक तान्हं बाळ! तिने त्याला उचललं, घरात आणलं आणि त्याचं नाव ठेवलं तोतो.

‘मिराकोलो आ मिलानो’, म्हणजे ‘मिलानमधला चमत्कार’, हा १९५१ सालचा इटालियन सिनेमा असा सुरू होतो. सुरुवातीला पडद्यावर इटालियन भाषेतलं ‘आटपाट नगर होतं’ उमटतं आणि कोबीचा वाफा दिसतो. पुढच्या दीड-पावणेदोन तासांत एक प्रेमकथा आहे, भरपूर विनोद आहे, एक जादूचं कबुतर आहे, कबुतराच्या मागे लागलेले दोन देवदूत आहेत आणि शेवटी झाडूंवर बसून उडणारी माणसं आहेत. आज असा सिनेमा ओटीटीवर आला, तर त्याला ‘रोमँटिक कॉमेडी, फँटसी’ असं लेबल लावून मोकळे होतील. पण दिग्दर्शकाचं नाव आहे व्हित्तोरिओ दे सिका. हाच तो ‘बायसिकल थीव्ह्ज’वाला. चोरीला गेलेल्या सायकलीमागे रोमभर फिरणारा बाप आणि त्याचा लहानगा मुलगा दाखवून ज्याने जगाला रडवलं, त्याने तीनच वर्षांत माणसं उडवली. त्यावरून मोठं भांडण झालं. ते भांडण आणि त्याच्या मागचा इतिहास, हा या लेखाचा विषय. सिनेमा सत्तरहून अधिक वर्षं जुना आहे, त्यामुळे शेवट सांगणार आहे, आधीच माफी मागतो.

सुरुवातीचा एक प्रसंग मात्र लक्षात ठेवा. तोतो पाच-सहा वर्षांचा झालाय. चुलीवरचं दूध उतू जातं, खाली सांडतं, फरशीवरून ओघळ वाहायला लागतो. पोरगं घाबरून बघत उभं आहे. तेवढ्यात लोलोत्ता आत येते. आता धपाटा बसणार, असं आपल्याला वाटतं. आपल्याकडे बसलाच असता. म्हातारी काय करते? खेळण्यातली छोटी घरं आणि झाडं आणते, दुधाच्या ओघळाच्या दोन्ही काठांवर मांडते आणि त्या ‘नदी’वरून उडी मारते. पृथ्वी किती मोठी आहे बघ, असं पोराला सांगते.

दूध सांडलं ते सांडलंच. त्या दिवशी घरात दूध नसणार. पण त्या नुकसानीची म्हातारीने नदी केली. हे शहाणपण की फसवणूक? १९५१ साली लोक भांडले ते याच प्रश्नावर.

मिलानचा देखणा ड्रायव्हर

दे सिका मुळात हलक्याफुलक्या प्रेमकथांचा हिरो होता, हे आज फारसं कुणाच्या लक्षात नसतं. १९३२ साली मारिओ कामेरिनी या दिग्दर्शकाचा एक सिनेमा आला. त्याच्या नावाचा अर्थ साधारण ‘हे पुरुष म्हणजे एकेक लबाड!’ असा. त्यात तिशीतला दे सिका एका श्रीमंताच्या गाडीचा ड्रायव्हर आहे. अत्तराच्या दुकानात काम करणाऱ्या एका मुलीवर तो भाळतो आणि तिच्यावर छाप पाडायला मालकाची गाडी स्वतःची म्हणून घेऊन जातो. पुढचे घोळ तुम्हाला सुचतील तेच. हा सिनेमा स्टुडिओत न अडकता मिलानच्या रस्त्यांवर आणि तिथल्या मोठ्या व्यापारी जत्रेत चित्रित झाला होता. त्यातलं दे सिकाने गायलेलं प्रेमगीत इटलीभर गाजलं आणि तो एका रात्रीत स्टार झाला.

तेव्हा मुसोलिनीची सत्ता होती. त्या काळातल्या कॉमेड्यांना पुढे ‘पांढऱ्या टेलिफोनचे सिनेमे’ असं नाव पडलं. नायिकेच्या गुळगुळीत दिवाणखान्यात पांढरा टेलिफोन असायचा. साध्या घरात टेलिफोनच नसायचा, पांढरा तर लांबच. राजकारणाचा वारा लागू न देणाऱ्या या गोड गोष्टी हुकूमशाहीला चालून जात.

१९३५ साली कामेरिनीच्याच एका सिनेमात दे सिकाने कोट्यधीशाची भूमिका केली. हा कोट्यधीश आयुष्याला कंटाळलेला. भिकाऱ्याचे कपडे घालून तो गावात हिंडतो आणि बातमी पसरते, की जो कुणी भिकाऱ्याशी मनापासून चांगलं वागेल त्याला दहा लाख मिळणार. झालं, गावातल्या प्रत्येक भिकाऱ्याला लोक जावयासारखे मिरवायला लागतात. कोट्यधीशाला मात्र सर्कशीतली एक मुलगी आवडते. या गोष्टीच्या लेखकांपैकी एक होता चेझारे झावात्तिनी. दे सिका आणि झावात्तिनी या जोडीची ही पहिली गाठ. पुढे ‘शूशाईन’, ‘बायसिकल थीव्ह्ज’, ‘उम्बेर्तो डी’ या सगळ्यांच्या पटकथांवर झावात्तिनीचं नाव आहे. गरिबीचं कठोर चित्रण करणारी म्हणून ही जोडी आपल्याला माहीत आहे, पण त्यांची सुरुवात ‘भिकाऱ्याशी प्रेमाने वागा, लखपती व्हा’ अशा खट्याळ प्रेमकथेतून झाली होती.

तोतोची गोष्टही त्याच काळातली. १९४०च्या सुमारास झावात्तिनीने ती सिनेमासाठी म्हणून योजली होती. त्या वेळी डोळ्यांसमोर होता इटलीचा लाडका विनोदी नट अंतोनिओ दे कुर्तिस. त्याचं टोपणनावच ‘तोतो’! तो सिनेमा तेव्हा झाला नाही. १९४३ साली झावात्तिनीने त्या गोष्टीची ‘भला तोतो’ या अर्थाच्या नावाची कादंबरी केली. तोवर इटली महायुद्धात पुरती अडकली होती.

सूर्याची फाळकी

१९४३च्या ऑगस्टमध्ये ब्रिटिश विमानांनी मिलानवर अनेक रात्री बॉम्ब टाकले. जगप्रसिद्ध ऑपेरागृह ला स्कालाचं छत कोसळलं. लिओनार्दोचं ‘शेवटचं भोजन’ हे चित्र ज्या भोजनगृहाच्या भिंतीवर आहे, ते भोजनगृह उद्ध्वस्त झालं. भिंत तेवढी वाळूच्या पोत्यांच्या आधाराने उभी राहिली. हजारो घरं गेली.

युद्ध संपल्यावर ला स्काला झपाट्याने उभं राहिलं. ११ मे १९४६ रोजी तोस्कानिनीच्या संगीतसंचालनाखाली तिथे पुन्हा मैफल झाली. घरं मात्र इतक्या लवकर उभी राहिली नाहीत. सिनेमात अनाथाश्रमातून बाहेर पडलेला तरुण तोतो याच ला स्कालाच्या दारात उभा राहून आत जाणाऱ्या नटलेल्या माणसांकडे कौतुकाने बघतो. त्याच वेळी त्याची बॅग चोरीला जाते. तो चोराला गाठतो. चोराला ती बॅग फार आवडलीय हे कळल्यावर ती त्यालाच देऊन टाकतो. ओशाळलेला चोर मग त्याला रात्री झोपायला स्वतःच्या खोपटात नेतो. अशा रीतीने आपला नायक मिलानच्या कडेला, रेल्वेमार्गाजवळच्या झोपडपट्टीत पोहोचतो.

ही वस्ती सिनेमासाठी मिलानच्या लाम्ब्राते भागात उभारली होती. तिच्यात वावरणारी बरीचशी माणसं मिलानमधली खरीखुरी बेघर माणसं होती. नायक म्हणून फ्रान्चेस्को गोलिसानो हा साध्या चेहऱ्याचा तरुण, नायिका ब्रुनेल्ला बोवो आणि म्हातारी लोलोत्ता म्हणजे रंगभूमी गाजवलेली, पंचाहत्तरी ओलांडलेली एम्मा ग्रामातिका.

या माणसांना शहरात घर का मिळत नव्हतं? बॉम्ब हे एक कारण झालं. दुसरं कारण कागदावर होतं. १९३९ साली मुसोलिनीच्या सरकारने खेड्यांतून शहरांत येणारे लोंढे थोपवायला एक कायदा केला. पंचवीस हजारांहून अधिक वस्तीच्या शहरात रहिवासी म्हणून नोंद हवी असेल, तर तिथे नोकरी असल्याचं दाखवा. आणि नोकरीसाठी नाव नोंदवायचं असेल, तर? आधी तिथले रहिवासी असल्याचं दाखवा! रहिवासी दाखल्यासाठी खेटे घातलेल्या कुणालाही हा विनोद समजावून सांगावा लागणार नाही. मुसोलिनी १९४५ साली मेला, हा कायदा मात्र १९६१ साली रद्द झाला. मधली सगळी वर्षं दक्षिणेतून, खेड्यांतून आलेली लाखो माणसं स्वतःच्याच देशात बेकायदा राहिली. ती मिलानमध्ये राबत होती, पण कागदोपत्री मिलानमध्ये नव्हती. शहराबाहेर लोकांनी रात्रीतून स्वतःच्या हाताने बांधलेल्या वस्त्यांना पुढे मिलानकर ‘कोरेआ’ म्हणू लागले. तेव्हा कोरियात युद्ध चालू होतं, म्हणून हे नाव.

हे सगळं माहीत असलं की सिनेमातला एक प्रसंग वेगळाच दिसायला लागतो. हिवाळ्यातली सकाळ आहे. माणसं पत्र्या-फळ्यांच्या खोपटांतून कुडकुडत बाहेर येतात. ढग फाटून उन्हाचा एक कवडसा जमिनीवर पडतो. सगळे धावत जाऊन त्या उन्हाच्या तुकड्यात दाटीवाटीने उभे राहतात आणि थंडी घालवायला उड्या मारतात. ढग सरकतो, ऊन विझतं, दुसरीकडे पडतं. की सगळे तिकडे पळतात. हसू येतं. पण हसता हसता लक्षात येतं, की त्या शहरात या माणसांच्या हक्काचं म्हणावं असं फक्त ऊन आहे आणि तेही एका जागी टिकत नाही.

तोतो वस्तीत येतो आणि ती नीट वसवायला घेतो. वाऱ्याने उडालेली खोपटं पुन्हा उभी राहतात, रस्ते आखले जातात. रस्त्यांना नावं काय द्यायची? तोतो पाढे देतो. पाच पंचे पंचवीस मार्ग! राजे, सेनापती यांच्या नावांपेक्षा हे बरं, येता-जाता पोरांचे पाढे पाठ होतील. संध्याकाळी पैसे देऊन खुर्चीवर बसायचं आणि सूर्यास्त बघायचा, अशीही सोय इथे आहे. सोडत काढून एकाला भाजलेली अख्खी कोंबडी मिळते आणि उरलेली वस्ती रांगेत बसून त्याला ती खाताना बघते. तोतो बुटक्या माणसाशी बोलताना गुडघे वाकवून स्वतः बुटका होतो. समोरच्याला आपण वेगळे आहोत असं वाटू नये, एवढीच त्याची धडपड.

इथेच त्याला एद्विजे भेटते. ती एका उर्मट कुटुंबाकडची मोलकरीण. हे कुटुंबही झोपडीतच राहतं, पण पूर्वी बरे दिवस पाहिलेलं, त्यामुळे तोरा गेलेला नाही. तोतो आणि एद्विजे एकमेकांवर प्रेम करतात म्हणजे काय करतात? एकमेकांना पाढे विचारतात. दोघं अनाथ, भोळी आणि जेमतेम शिकलेली. प्रेमाचे डायलॉग त्यांना कुणी शिकवलेले नाहीत, पाढे तेवढे येतात. मी पाहिलेल्या प्रेमप्रसंगांत इतका निरागस प्रसंग दुसरा आठवत नाही.

जमिनीखालचा चमत्कार

वस्तीत उत्सव असतो. मधल्या चौकात खांब उभा करायला खड्डा खणतात, तर जमिनीतून कारंजं उडतं. लोक आनंदाने नाचतात, पाणी लागलं म्हणून. ते पेट्रोल निघतं.

ही सोय लेखकाने कथानक पुढे ढकलण्यासाठी केली, असं वाटू शकतं. पण तारखा जुळवून बघा. १९४९ साली मिलानच्या दक्षिणेला, पो नदीच्या खोऱ्यातल्या कोर्तेमाज्जोरे या गावी खनिज वायू आणि थोडं तेल सापडलं होतं. सरकारी कंपनी अजिपचा प्रमुख एन्रिको मात्तेई याने त्याचा प्रचंड गाजावाजा केला. तेल खरं तर फार नव्हतं, वायूच जास्त होता, पण भुकेल्या देशाच्या पायाखाली खजिना आहे, ही कल्पना वर्तमानपत्रांना पुरली. या तेलाचं काय करायचं, ते सरकारचं की खाजगी कंपन्यांचं, यावर देशभर वाद पेटला. त्या गावाचं नाव लावलेलं पेट्रोलही पुढे पंपांवर विकलं गेलं. म्हणजे १९५१ सालच्या इटालियन प्रेक्षकाला तेलाचं कारंजं परीकथेतलं वाटलं नसेल, ते त्याने पेपरात वाचलेलं होतं. आपल्या खोपटाखाली तेल निघालं तर आपलं काय होईल, हा प्रश्न त्याच्या मनात येऊन गेलाही असेल.

सिनेमा त्याचं उत्तर देतो. वस्तीतला राप्पी नावाचा एक माणूस (पाओलो स्तोप्पाने हे पात्र झकास रंगवलंय) फितूर होतो आणि मोब्बी नावाच्या धनाढ्य माणसाला बातमी देतो. हा मोब्बी आधी एकदा वस्तीत येऊन गेलेला असतो. तेव्हा तो आणि दुसरा एक श्रीमंत याच जमिनीच्या भावावरून घासाघीस करत होते. आकडे वाढत जातात, आवाज चढत जातात आणि बघता बघता दोघांच्या बोलण्याचं कुत्र्यांसारखं भुंकणं होतं. त्याच भेटीत मोब्बी गरिबांसमोर भाषण ठोकतो. आपण सगळे सारखेच, तुम्हाला थंडी वाजते तशी मलाही वाजते, नाक म्हणजे नाक, माझं काय आणि तुमचं काय! लोक टाळ्या वाजवतात. तेल निघाल्यावर हाच मोब्बी वस्ती उठवायला पोलीस पाठवतो. त्याच्या ऑफिसच्या खिडकीबाहेर दोरीने एक माणूस टांगलेला आहे. काम काय, तर बाहेर हवा कशी आहे ते सांगायचं. हा तर कार्टूनमधला विनोद, असं म्हणता म्हणता आपल्याला आठवतं, की पावसात भिजत आपलं जेवण घेऊन येणाऱ्या माणसाला आपणही दारातच विचारतो, ‘काय, बाहेर पाऊस आहे का?’

पोलीस धुराची नळकांडी फोडतात. गुदमरलेला तोतो खांबावर चढतो. तेव्हा आकाशातून लोलोत्ता येते आणि त्याच्या हातात एक पांढरं कबुतर ठेवते. कबुतर हातात असेपर्यंत मागशील ते मिळेल. हे कबुतर तिने स्वर्गातून चोरून आणलंय, म्हणून दोन देवदूत तिच्या मागावर आहेत. पोलिसांच्या साहेबाने हुकूम द्यायला तोंड उघडलं, की ऑपेरातलं गाणं बाहेर पडतं. आपल्या नायकाची पहिली लढाई अशी गाऊन-बजावून जिंकली जाते.

काय मागाल?

यानंतर सिनेमा सगळ्यात धारदार होतो. चमत्कार झालाय, जे मागू ते मिळतंय. मग माणसं काय मागतात?

फरचे कोट मागतात. कपाट मागतात. दोन पुरुष पैसे मागायला लागतात. एक म्हणतो दहा लाख, दुसरा म्हणतो दहा लाख गुणिले दहा लाख, पहिला म्हणतो त्याहून एक जास्त! मघाचे पाढे आठवा. तोतोने रस्त्यांवर लावलेलं गणित आता हावरटपणाच्या कामाला आलं. १९३५च्या सिनेमातले दहा लाखही इथे परत आले आहेत. फरक एवढाच, की तेव्हा ते भलेपणाचं बक्षीस होते, आता ते शेजाऱ्याच्या वर जायचं साधन आहेत.

वस्तीत एक कृष्णवर्णीय तरुण आणि एक गोरी मुलगी आहे. दोघं एकमेकांकडे चोरून बघतात, पण वर्णाच्या भिंतीमुळे जवळ यायला धजावत नाहीत. दोघंही एकमेकांना न सांगता तोतोकडे जाऊन आपली इच्छा सांगतात. मग समोरासमोर येतात, तेव्हा तो गोरा झालेला असतो आणि ती काळी. एकमेकांसाठी स्वतःला बदललं, तरी भिंत जिथल्या तिथे. एका मिनिटाचा प्रसंग आहे, विनोद म्हणूनच येतो, पण प्रेमात ‘ॲडजस्ट’ होण्याविषयी यात जे सांगितलंय ते अनेक लांबलचक प्रेमकथांना सांगता आलेलं नाही.

आणि एक गोष्ट कुणीच मागत नाही. ही जमीन आमच्या नावावर करून दे, असं कबुतराला कुणीही म्हणत नाही. फरचा कोट अंगावर, पाय चिखलात, आणि चिखल मोब्बीचा. लोकांना वस्तू सुचतात, कारण वस्तू दुकानाच्या काचेत बघितलेल्या असतात. हक्क कुठल्या काचेत मांडलेला नसतो. देवदूत कबुतर परत घेऊन जातात तेव्हा पोलीस पुन्हा येतात आणि फरच्या कोटांसकट सगळ्यांना गाड्यांत कोंबतात.

दोन्ही बाजूंनी मार

सिनेमाचं आधीचं नाव ‘गरीब त्रास देतात’ अशा अर्थाचं होतं. ते मागे पडलं आणि चमत्कार आला. तो काळ बघा. १९४८च्या निवडणुकीत ख्रिश्चन डेमोक्रॅट पक्षाने कम्युनिस्ट आणि समाजवाद्यांच्या आघाडीला हरवलं होतं. सिनेमाचं खातं जुलिओ आंद्रेओत्ती या तरुण उपमंत्र्याकडे होतं. पुढे अनेकदा पंतप्रधान झाला तोच हा. १९४९ साली त्याने आणलेल्या कायद्याने इटालियन सिनेमाला सरकारी पैसा मिळायला लागला, पण त्यासाठी पटकथा आधी सरकारच्या डोळ्यांखालून जायला हवी होती.

अशा हवेत ‘मिराकोलो आ मिलानो’ आला. उजव्यांना तो कम्युनिस्ट प्रचार वाटला. गरीब भले, श्रीमंत भुंकणारे, पोलीस हास्यास्पद, आणखी काय हवं? डाव्यांची तक्रार उलटी. ‘बायसिकल थीव्ह्ज’च्या कर्त्याने प्रश्न मांडायचे सोडून कबुतर काय आणलं? गरिबांनी लढायचं की झाडूवर बसून पळून जायचं? नववास्तववाद, म्हणजे खऱ्या रस्त्यांवर खरी माणसं घेऊन खरे प्रश्न मांडणारा सिनेमा, त्याचा विश्वासघात झाला, असं अनेकांना वाटलं. परदेशात मात्र कौतुक झालं. १९५१च्या कान महोत्सवात सर्वोच्च पुरस्कार स्वीडनच्या ‘मिस ज्युली’बरोबर विभागून याला मिळाला. न्यूयॉर्कच्या समीक्षकांनी वर्षातला सर्वोत्तम परदेशी सिनेमा म्हणून याची निवड केली.

दे सिकाने मग काय केलं? पुढच्याच ‘उम्बेर्तो डी’मध्ये त्याने जादूचा मागमूस ठेवला नाही. पेन्शनवर न भागणारा एक म्हातारा आणि त्याचा कुत्रा, बस्स. १९५२ साली आंद्रेओत्तीने त्यावर जाहीर लेख लिहिला. विसाव्या शतकाच्या मध्यावरची इटली अशीच आहे असं जगाला वाटलं, तर दे सिकाने देशाची वाईट सेवा केली असं होईल, असा त्याचा सूर होता. म्हणजे चमत्कार दाखवला तरी बोलणी आणि वास्तव दाखवलं तरी बोलणी. मला वाटतं, गैरसोय जादूची नव्हती आणि वास्तवाचीही नव्हती. आधीच्या नावातच ती लिहिलेली होती, गरीब त्रास देतात.

मुंबई, जानेवारी १९५२

कानमध्ये गौरव झाल्यानंतर वर्ष उलटायच्या आत हा सिनेमा आपल्या मुंबईत आला. २४ जानेवारी १९५२ रोजी भारताचा पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव मुंबईत सुरू झाला. आज गोव्यात भरतो त्या इफ्फीची ही सुरुवात. तेवीस देश सहभागी होते. इटलीकडून ‘बायसिकल थीव्ह्ज’, ‘रोम, ओपन सिटी’ आणि ‘मिरॅकल इन मिलान’ आले होते. भारताकडून ‘आवारा’, तेलुगू ‘पाताळ भैरवी’, बंगाली ‘बाबला’ आणि व्ही. शांताराम यांचा मराठी ‘अमर भूपाळी’ होता. एकाच महोत्सवात होनाजी बाळा आणि कबुतरवाला तोतो, ही कल्पनाच मला फार आवडते. नंतर हा महोत्सव मद्रास, दिल्ली आणि कलकत्त्यालाही गेला.

हॉलिवूडच्या गुळगुळीतपणाला सरावलेल्या आपल्या सिनेमावाल्यांना इटालियन सिनेमांनी हलवलं. ‘बायसिकल थीव्ह्ज’ पाहून बिमल रॉय यांना ‘दो बिघा जमीन’ची वाट सापडली, हे प्रसिद्धच आहे. १९५३ सालच्या त्या सिनेमात जमीनदाराला कारखान्यासाठी जमीन हवी असते आणि शंभू महातोची दोन बिघे जमीन मध्ये येते.

‘मिरॅकल’चा माग इतका सरळ काढता येत नाही. पण १९५५चा ‘श्री ४२०’ त्याच्याशेजारी ठेवून बघा. लिहिणाऱ्यांत ख्वाजा अहमद अब्बास, दिग्दर्शक राज कपूर. एक भोळा तरुण मुंबईत येतो, फूटपाथवरची माणसं त्याला आपलं म्हणतात, तिथेच गाणी, तिथेच प्रेम. आणि खलनायकाची लबाडी कशाची? शंभर रुपयांत घर देण्याची! फाळणीनंतर हजारो सिंधी कुटुंबं कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांत दिवस काढत होती, त्या काळातल्या मुंबई इलाख्याला हे स्वप्न किती जवळचं असेल. लबाडी उघडी पडते आणि शेवटी सगळे जमिनीवर पाय ठेवूनच उभे असतात. स्वातंत्र्य मिळून आठच वर्षं झाली होती, घर मिळेल या आशेवर लोक थांबायला तयार होते. मिलानच्या वस्तीला तेवढाही भरवसा उरलेला नव्हता.

झाडू

आता शेवट. पोलिसांच्या गाड्या कैद्यांना घेऊन मिलानच्या मुख्य चौकात, भव्य दुओमो कॅथेड्रलसमोर पोहोचतात. लोलोत्ता कबुतर पुन्हा तोतोच्या हाती देते. गाड्या उघडतात, माणसं बाहेर पडतात. चौकात सफाई कामगार झाडत असतात. तोतो एकाचा झाडू घेतो, एद्विजेला मागे बसवतो आणि दोघं वर उडतात. मागोमाग सगळी वस्ती झाडू घेऊन उडते. कॅथेड्रलच्या कळसांना वळसा घालून ती दिसेनाशी होते. ज्या राज्यात ‘शुभ दिवस’ याचा अर्थ खरंच ‘तुझा दिवस शुभ जावो’ असा असतो, तिकडे ती निघाली आहेत, असं सिनेमा सांगतो. अनाथाश्रमातून बाहेर आल्यावर तोतोने रस्त्यात दिसेल त्याला ‘बोनजोर्नो’ म्हटलं होतं आणि एक गृहस्थ त्यावर भडकला होता, ओळखदेख नसताना नमस्कार कशाला, म्हणून!

उडण्याचं तंत्र बसवायला अमेरिकेहून नेड मान यांना बोलावलं होतं. एच. जी. वेल्स यांच्या कथेवरच्या ‘थिंग्ज टू कम’चे ट्रिक सीन त्यांचेच. आज मोबाईलवर ही जादू थोडी हलते, कडा दिसतात, तरी बघताना अंगावर काटा येतो.

झाडूवरून उडणं म्हणजे आपल्या डोक्यात चेटकीण येते. इटालियन पोरांच्या डोक्यात आणखी एक म्हातारी असते, बेफाना. ६ जानेवारीच्या सणाला ही म्हातारी झाडूवर बसून येते आणि पोरांच्या मोज्यांत खाऊ ठेवते, अशी तिथली समजूत आहे. त्यामुळे तिथल्या प्रेक्षकाला झाडूत आजीची माया दिसली असणार. कोबीत बाळ शोधणाऱ्या, दुधाची नदी करणाऱ्या लोलोत्ताची माया. त्यात आणखी एक गोष्ट आहे. झाडू हे सगळ्यांत खालच्या समजल्या गेलेल्या कामाचं हत्यार. ज्यांना शहरातून झाडून काढायचं ठरलं होतं, ते झाडूवर बसून गेले.

आता त्या जुन्या भांडणात मी कुठे? प्रेमकथा म्हणून बघितलं तर शेवट गोड आहे, नायक-नायिका एका झाडूवर. पण रिकामा चौक बघा. सिनेमातल्या लोकांनी फार काही मागितलं नव्हतं. राहायला एक खोपटं आणि जमिनीचा एक तुकडा पुरे, अशा अर्थाचं गाणं ते सिनेमाभर गातात. शेवटी त्यांना आकाश मिळतं, तुकडा मिळत नाही. मोब्बीची जमीन आणि तेल मोब्बीकडेच राहतं. १९३९चा कायदा आणखी दहा वर्षं तसाच राहतो. गरिबांनी पळून जावं असं दे सिका सांगतोय, असं मला वाटत नाही. यांना ठेवायला पृथ्वीवर कुठेही जागा शोधून बघितली, मिळाली नाही, म्हणून वर पाठवलं, असं तो सांगतोय. उतू गेलेल्या दुधाची नदी करताना लोलोत्ताला ठाऊक होतं, की आज दूध मिळणार नाही. पोराला ते कळेपर्यंत एक उडी मारता यावी, एवढंच तिने बघितलं.

लाम्ब्रातेची ती वस्ती शूटिंग संपल्यावर मोडली. आपल्या शहरांत मोडलेल्या वस्त्यांच्या जागी टॉवर उभे राहतात आणि त्यांच्या जाहिरातीत जवळजवळ नेहमी एक हसरं जोडपं आणि वर निळं आकाश असतं. तशी जाहिरात पुढच्या वेळी स्क्रोल करताना दिसली, तर क्षणभर थांबून त्या आकाशात नीट बघा. दूर कुठेतरी दोघं जणं एका झाडूवर बसून एकमेकांना पाढे विचारत असतील.